मेंढीच्या पाठीवर उभी राहिलेली गावं

बायबरी गावातली आर्लिंग्टन रो ही घरांची रांग तुम्ही पाहिलेली असणार, तिचं नाव माहीत नसलं तरी. कॅलेंडरवर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर, जिगसॉच्या खोक्यावर आणि काही वर्षं तर ब्रिटिश पासपोर्टच्या आतल्या बाजूलाही ती होती. मधाच्या रंगाचा दगड, गुडघ्यापर्यंत उतरल्यासारखी वाटणारी छपरं, पुढे झुळझुळता ओढा. इंग्लंडचं खेडं म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते हेच चित्र. आता गंमत अशी, की ही घरं राहण्यासाठी बांधलेलीच नव्हती. १३८० च्या सुमारास एका मठाने इथे लोकर साठवायचं गोदाम उभं केलं. सतराव्या शतकात त्याचे गाळे पाडून त्यात विणकर कुटुंबं बसवली गेली. समोरच्या ओलसर कुरणात लाकडी चौकटींवर धुतलेलं कापड ताणून वाळत घालत, म्हणून त्याचं नाव आजही रॅक आइल. म्हणजे माणसं कुठून कुठून बसने येऊन ज्याच्यासमोर उभी राहून फोटो काढतात, ते मुळात एक गोदाम आणि नंतरची विणकरांची चाळ आहे.

मी रेडिंगला राहते. पाहुणे आले की त्यांना कॉट्सवोल्ड्समध्ये, म्हणजे बायबरीसारखी गावं असलेल्या या टेकड्यांच्या प्रदेशात, नेणं हा इथल्या मराठी घरांतला रिवाजच आहे. पहिल्या दिवशी लंडन, दुसऱ्या दिवशी विंडसर, तिसऱ्या दिवशी ही गावं. स्कोन, जॅम, चहा, पुलावर फोटो, परत. आई-बाबांनाही असंच नेलं. आई रमली. बाबांचं सगळं आयुष्य इचलकरंजीत यंत्रमागाच्या कारखान्याचे हिशेब लिहिण्यात गेलेलं. गुलाबाच्या वेलींकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग भिंतीची जाडी पाहिली, चर्चचा मनोरा पाहिला आणि विचारलं, "छान आहे गं. पण एवढ्याशा गावाकडे एवढा पैसा आला कुठून?"

तेवढ्या एका प्रश्नावर मला हा प्रदेश पुन्हा पाहावा लागला.

पैसा आला मेंढीकडून. ऑक्सफर्डच्या पश्चिमेला चुनखडीच्या दगडाची एक लांबलचक उंच पाठ आहे. माती पातळ, पाणी झटकन निचरणारं, नांगराला फारशी साथ न देणारी जमीन. पण गवत उत्तम. त्या गवतावर मोठ्या अंगाची, कपाळावर झुलपं असलेली आणि लांब, चकाकत्या लोकरीची जात पोसली गेली. तिला कौतुकाने 'कॉट्सवोल्ड लायन' म्हणतात. मध्ययुगात ही लोकर फ्लँडर्सच्या आणि इटलीच्या विणकरांना हवी असे. इटलीतल्या प्रातोचा व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी याच्या चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या कागदपत्रांत या टेकड्यांवरच्या लोकरीची खरेदी सापडते. राजाचं लक्ष असणं ओघानेच आलं. १३६३ मध्ये लोकरीच्या निर्यातीसाठी खाडीपलीकडचं, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं कॅले बंदर ठरवून दिलं गेलं, कारण माल एका वाटेने गेला की जकात चुकत नाही. लॉर्ड्सच्या सभागृहात अध्यक्ष ज्यावर बसतो ती लाल गादीसुद्धा लोकरीचं पोतंच आहे. राज्याची श्रीमंती कशावर आहे, हे विसरायला नको म्हणून बसायलाच तेच दिलेलं.

आता बाजार. इंग्लंडमध्ये कुणीही उठून बाजार भरवू शकत नसे. त्यासाठी राजाची सनद लागे आणि ती गावाला नव्हे, तर गावाच्या धन्याला मिळे. तो सरदार असेल किंवा मठाचा महंत. वार ठरलेला, जागा ठरलेली, आणि विकणाऱ्याकडून पट्टी घ्यायचा हक्क धन्याचा. हल्ली आपण ज्याला सुंदर चौक म्हणतो तो अशी पट्टी गोळा करता यावी म्हणून मोकळा सोडलेला असतो. एका गावाचा बाजार दुसऱ्याच्या पोटावर येऊ नये याचाही विचार झालेला होता. तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याच्या ग्रंथात त्याचं गणित आहे: माणूस दिवसाला वीस मैल चालतो असं धरा. दिवसाचा एक तृतीयांश बाजाराला जाण्यात, एक तृतीयांश खरेदी-विक्रीत, उरलेला अंधार पडायच्या आत घरी परतण्यात. म्हणून दोन बाजारांत सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैलांचं, म्हणजे सुमारे पावणेअकरा किलोमीटरचं अंतर हवं. बाबांना हा हिशेब फार आवडला. "आपल्याकडचे आठवडे बाजार असेच की. सोमवारी एका गावात, मंगळवारी पुढच्यात. फक्त आपल्याकडे कुणी लिहून ठेवलं नाही."

स्टो-ऑन-द-वोल्ड या गावाला बाजाराची सनद मिळाली ११०७ मध्ये, पहिल्या हेन्रीकडून. रोमनांनी बांधलेला फॉस वे नावाचा सरळसोट रस्ता या गावाच्या कडेने जातो. गाव टेकडीच्या माथ्यावर असल्याने चौकात वारा असा घोंघावतो, की जून महिन्यातही कानटोपी आणली असती तर बरं झालं असतं असं वाटतं. चौकाला येऊन मिळणारे बोळ मात्र विलक्षण अरुंद आहेत. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. गाइड सांगतात, की मेंढ्या एकेक करून पुढे सरकाव्यात आणि मोजता याव्यात म्हणून ते तसे आहेत. 'रॉबिन्सन क्रूसो'वाल्या डॅनिएल डिफोने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या एका जत्रेत वीस हजार मेंढ्या विकल्या गेल्याचं लिहून ठेवलंय. त्या चौकात आज मेंढी नावालाही दिसत नाही. पुरातन वस्तूंची दुकानं आहेत, चीजचं एक दुकान आहे, आणि गाड्या लावायला जागा शोधत चकरा मारणारे आमच्यासारखे लोक आहेत. मे आणि ऑक्टोबरमध्ये गावाबाहेर जिप्सी लोकांची घोड्यांची जत्रा मात्र अजून भरते.

चर्चच्या मागच्या दाराला दोन्ही बाजूंनी यू वृक्षांचे बुंधे चिकटलेले आहेत, त्या दाराशी मात्र कायम फोटोंसाठी रांग असते. याच गावाजवळ २१ मार्च १६४६ ला राजा आणि संसद यांच्यातल्या पहिल्या यादवी युद्धातली शेवटची लढाई झाली. राजाचे हरलेले शिपाई त्याच चर्चमध्ये कोंडले होते. रांगेतल्यांना ते ठाऊक असायचं कारण नाही.

मला स्वतःला सगळ्यांत आवडतं ते चिपिंग कॅम्पडन. एकच लांब, किंचित धनुष्यासारखा वळलेला रस्ता आणि दोन्ही बाजूंना खांद्याला खांदा लावून उभी घरं. समोरून अरुंद, मागे खूप लांबवर गेलेली. बाराव्या शतकात आखलेले प्लॉट आहेत ते. बाजाराकडे तोंड असलेली जागा महाग, म्हणून प्रत्येकाला समोरची थोडीशीच रुंदी, आणि परसात मात्र हवं तितकं. या रस्त्यावर विल्यम ग्रेव्हल या लोकर व्यापाऱ्याचं १३८० च्या सुमाराचं घर आहे. त्याची कबर चर्चमध्ये आहे, १४०१ ची. वरच्या पितळी पत्र्यावर त्याला साऱ्या इंग्लंडमधल्या लोकर व्यापाऱ्यांचं फूल म्हटलंय. पत्रा कोरून घेण्याचा खर्च त्याच्याच पैशातून झाला असणार, हे ध्यानात ठेवून ती स्तुती वाचावी.

जवळच्या नॉर्थलीच गावात तर याहून मोकळेपणा आहे. जॉन फोर्टी, मृत्यू १४५८. चर्च वाढवायला त्याने पैसा दिला. कबरीवरच्या पितळी चित्रात त्याचा एक पाय मेंढीवर आणि दुसरा लोकरीच्या पोत्यावर. देवाच्या दारातही धंदा लपवायचा नाही, उलट पायाखाली घेऊन मिरवायचा! मला हे आवडलं. आपल्याकडे देणगीदारांच्या पाट्यांवर नाव असतं, रक्कम असते. धंदा काय केला ते नसतं.

कॅम्पडनच्या रस्त्याच्या मधोमध १६२७ ची बाजाराची इमारत आहे. चारी बाजूंनी कमानी, वर लाकडी तुळयांचं छप्पर, खाली खडबडीत दगडी फरशी इतकी उंचसखल की टाचेचे बूट घालून कुणी जाऊ नये. शेतकऱ्यांच्या बायका लोणी, चीज आणि कोंबड्या विकायला बसत त्या पावसात भिजू नयेत म्हणून ती बांधली गेली. बांधणारा सर बॅप्टिस्ट हिक्स. हा लंडनचा रेशीम आणि मखमल विकणारा आणि पहिल्या जेम्स राजाला कर्ज देणारा माणूस. राजाला कर्ज दिलं की पैसे परत मिळतीलच असं नाही, पण पदव्या नक्की मिळतात, तशा त्याला मिळाल्या. गावात त्याने १६१२ मध्ये सहा गरीब वृद्ध पुरुष आणि सहा स्त्रियांसाठी घरं बांधली, त्यांत आजही गावातले म्हातारे राहतात. स्वतःसाठी बांधलेला टोलेजंग वाडा मात्र १६४५ मध्ये राजाच्याच बाजूच्या सैन्याने गाव सोडताना जाळला. हिक्सच्या इमारतींपैकी जी गरिबांसाठी होती ती उभी आहे आणि त्याची स्वतःची राख झाली. यातून कुणी बोध घ्यायचा तर घ्यावा, मला तरी त्यात सैन्याची घाई तेवढी दिसते.

या गावातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १६ ऑगस्ट १६६०. हिक्सच्या घराण्याचा कारभारी विल्यम हॅरिसन, वय सत्तरच्या घरात, शेजारच्या गावी भाडं वसूल करायला पायी गेला आणि परतलाच नाही. वाटेवर त्याची फाटकी टोपी आणि रक्ताचे डाग असलेला गळपट्टा सापडला. प्रेत नाही. त्याच्या शोधात गेलेला नोकर जॉन पेरी याने चौकशीत सांगितलं, की माझ्या आईने आणि भावाने त्याला मारलं. का सांगितलं, कुणाला कळलं नाही. पहिल्या न्यायाधीशाने प्रेताशिवाय खुनाचा खटला चालवायला नकार दिला. पुढच्या वर्षी दुसऱ्याने चालवला. आई, दोन्ही मुलं, तिघांनाही फाशी. आई चेटकीण असल्याचा संशय म्हणून तिला आधी, म्हणजे तिच्या चेटकातून सुटून मुलं तरी खरं बोलतील. आणि १६६२ मध्ये हॅरिसनसाहेब धडधाकट परत आले! मला पळवून नेलं, जहाजावर घातलं, तुर्कस्तानात एका म्हाताऱ्या वैद्याला गुलाम म्हणून विकलं, अशी त्याची हकिकत. सत्तरीतल्या माणसाला गुलाम म्हणून विकत घेणारा वैद्य कोण असेल बुवा? या प्रकरणाचा उलगडा आजतागायत झालेला नाही.

दगडाबद्दल थोडं. हा चुनखडीचाच, पण त्यातल्या लोहामुळे पिवळसर झालेला. उत्तरेकडे जास्त सोनेरी, दक्षिणेकडे जात जात फिका. खाणीतून काढल्यावर मऊ असतो, करवतीने कापता येतो, हवा लागली की कडक होतो. भिंती, कुंपणं, छपरं सगळं त्याचंच. छपराची दगडी कौलं करायची रीत मला फार आवडली. स्टोन्सफील्डला खाणीतले दगड हिवाळ्यात उघड्यावर ओले ठेवत. रात्री थंडी पडली की आतल्या पाण्याचं बर्फ होऊन दगडाचे आपोआप पातळ पापुद्रे सुटत. वळचणीला सगळ्यांत मोठी कौलं आणि आढ्याकडे जावं तसतशी लहान होत गेलेली, ओकच्या खुंट्यांवर अडकवलेली. वजन इतकं की खालच्या तुळया त्या तोलाच्या घ्याव्या लागत, आणि फटींतून पाणी आत येऊ नये म्हणून छप्पर उभट ठेवावं लागे. जो उतार आपल्याला चित्रासारखा वाटतो, तो पावसाशी झालेला व्यवहार आहे.

बर्फर्डला बाबा खरे खुलले. तिथल्या चर्चच्या आवारात लोकर व्यापाऱ्यांच्या कबरी आहेत. वरचा दगड गोल, त्याला आडव्या वळ्या. लोकरीचा गठ्ठा बांधला की असा दिसे, म्हणून तो आकार, असं मानतात. त्यांच्याशेजारी उभं राहून मी बाबांना लोकरीच्या कफनाचा कायदा सांगितला. १६६६ आणि १६७८ मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदे केले, की प्रेत लोकरीच्या कापडातच गुंडाळून पुरायचं. ताग नाही, सूत नाही, रेशीम नाही. लोकरीचा धंदा तगावा म्हणून! पुरल्यावर आठ दिवसांत तसं शपथपत्र द्यायचं, नाहीतर पाच पौंड दंड. त्यातला निम्मा गावातल्या गरिबांना, निम्मा खबर देणाऱ्याला. मग श्रीमंतांनी काय करावं? मेलेल्याला रेशमात पुरायचं आणि घरातल्याच कुणाला तरी खबर द्यायला पाठवायचं. निम्मा दंड घरात परत. हा कायदा १८१४ मध्ये रद्द झाला.

बाबा मोठ्याने हसले. चर्चच्या आवारात शोभत नाही इतक्या मोठ्याने. मग एकदम म्हणाले, "म्हणजे सुताचीच भीती होती यांना."

होतीच. ईस्ट इंडिया कंपनी गुजरात, कोरोमंडल आणि बंगालहून छापील सुती कापड आणत होती. ते हलकं, धुता येणारं, रंग पक्का. लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांनी संसदेवर मोर्चे काढले. १७०० मध्ये हिंदुस्तान, इराण आणि चीनच्या छापील सुती कापडाच्या आयातीवर बंदी आली. तरी माणसं ते घालेनात असं झालं नाही. १७१९ मध्ये लंडनच्या विणकरांनी रस्त्यात बायकांच्या अंगावरचे सुती झगे फाडले. १७२१ मध्ये संसदेने मग बहुतेक सुती कापड वापरायलाच मनाई केली, आणि ती १७७४ पर्यंत टिकली. तोवर लँकेशायरला स्वतःचं सूत कातायला येऊ लागलं होतं. पुढचं मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. शाळेत आपण त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग शिकतो, पहिला अर्धा या मेंढ्यांच्या कुरणातला आहे.

पण कायद्याने लोकर वाचली तरी या टेकड्या वाचल्या नाहीत. विणकाम आधी स्ट्राउडकडच्या दऱ्यांत उतरलं, कारण तिथे पाणचक्क्यांना वाहतं पाणी होतं. पुढे वाफ आली, कोळसा आला, आणि सगळं यॉर्कशरला गेलं. बर्फर्डवर तर दुहेरी संकट. घोड्यांच्या टपालगाड्या मुक्काम करत म्हणून तिथे खाणावळी चालत. १८१२ मध्ये मोठा रस्ता गावाबाहेरून टेकडीच्या कडेने नेला गेला. नंतर रेल्वे आली ती या गावाला टाळूनच. १८७० नंतर शेतीच्या भावांनीही पाठ फिरवली. तरुण मंडळी गेली. उरलेल्यांकडे जुनं पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता.

म्हणून ती घरं आहेत. हौसेने, कलेच्या जाणिवेने कुणी जपलेली नव्हती, निदान तेव्हा नाही. बर्फर्डच्या उतारावरच्या खिडक्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या आहेत, कारण एकोणिसाव्यात तिथे कुणाला खिडकी बदलणं परवडलं नाही. मँचेस्टरला परवडलं, म्हणून तिथे जुनं मँचेस्टर शोधावं लागतं.

गरिबीत टिकलेलं सुंदर आहे हे सांगायला बाहेरची माणसं आली. कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस १८७१ पासून केल्म्स्कॉट गावी येऊन राहत होता. १८७६ मध्ये बर्फर्डच्या चर्चच्या भिंती 'जीर्णोद्धार' म्हणून खरवडल्या जाताना त्याने पाहिल्या आणि पुढच्याच वर्षी जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली. हल्ली आपल्याकडे मंदिरांच्या काळ्या दगडावर चढलेला तैलरंग पाहिला की त्याच्या संतापाची आठवण येते.

मग वास्तुविशारद सी. आर. ॲशबी. लंडनच्या ईस्ट एंडमधली त्याची कारागिरांची संस्था १९०२ मध्ये चिपिंग कॅम्पडनला आली. चांदीकाम, सुतारकाम, छपाई करणारे सुमारे पन्नास कारागीर, बायकामुलं धरून दीडशेच्या आसपास माणसं, गावातल्या जुन्या रेशीम गिरणीत. हाताने केलेल्या कामाला प्रतिष्ठा, उघड्या हवेत घाम, संध्याकाळी नाटक. पाच-सहा वर्षांत संस्था बुडाली. तशीच दिसणारी यंत्राची चांदी स्वस्तात मिळत होती आणि गिऱ्हाईक लंडनला होतं. पण काही कारागीर गावातच राहिले; हार्ट घराण्याची चांदीची कार्यशाळा त्या गिरणीत अजून आहे. जिना चढून वर गेलं की छताला आकड्यांवर जुन्या बिलांचे गठ्ठेच्या गठ्ठे लटकलेले दिसतात. आईला तिथला चांदीचा चमचा आवडला होता. किंमत ऐकून तिने तो फार काळजीपूर्वक जागेवर ठेवला.

याच ॲशबीने शेजारच्या ब्रॉड कॅम्पडनमधली एक पडकी जुनी वास्तू दुरुस्त केली ती आनंद कुमारस्वामींसाठी. सिलोनचे तमिळ वडील, इंग्रज आई, शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ, आणि पुढे भारतीय कलेचे मोठे अभ्यासक. मॉरिसच्या छापखान्यातलं हातयंत्र ॲशबीकडून मिळालेलं होतं. त्यावर कुमारस्वामींनी १९०८ मध्ये सिंहली कलेवरचा आपला ग्रंथ छापला. आपल्या कारागिरांची बाजू मांडणारं एवढं मोठं काम एका इंग्रज खेड्यातून निघालं, याचा इथल्या पर्यटन नकाशांत उल्लेख क्वचितच असतो.

बाहेरच्यांचं प्रेम कधीकधी अति होतं. हेन्री फोर्डला १९३० मध्ये चेडवर्थ गावातलं सतराव्या शतकातलं एक घर आवडलं. त्याने ते विकत घेतलं, दगड सुटे करून अमेरिकेला नेलं आणि मिशिगनमधल्या आपल्या संग्रहालयात पुन्हा उभं केलं. तिकडे बोर्टन-ऑन-द-वॉटरला १९३७ मध्ये अख्ख्या गावाचीच प्रतिकृती झाली, नवव्या हिश्शाच्या मापात, खऱ्या दगडाची. गावातल्या त्या छोट्या गावात प्रतिकृतीचीही प्रतिकृती आहे, आणि तिच्यातही आणखी एक. मोठ्या बोर्टनमध्ये माणसांची इतकी गर्दी असते, की छोटंच जास्त खरं वाटतं.

आता आपल्या ओळखीचा पैसा. मोर्टन-इन-मार्शजवळ झाडीत सेझिनकोट नावाचा वाडा आहे. उन्हाळ्यातल्या काही ठरावीक दुपारी तो बघू देतात. रस्ता वळतो आणि ग्लॉस्टरशरच्या ओल्या हिरवळीत एकदम मुघल घुमट! तांब्याचा, हिरवा पडलेला. कोपऱ्यांवर छत्र्या, खिडक्यांवर मोरपिसाऱ्यासारख्या कमानी, रुंद छज्जे. कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये गब्बर झालेल्या चार्ल्स कॉकरेलने १८०५ च्या सुमाराला तो आपल्या वास्तुविशारद भावाकडून, सॅम्युअल पेपिस कॉकरेलकडून, बांधून घेतला. बागेत सूर्याचं देऊळ आहे आणि ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेत. आईने सवयीने नंदीच्या पाठीला हात लावला, मग समोर पिंड नाही हे लक्षात येऊन हात मागे घेतला.

तिथून काही मैलांवर डेल्सफर्ड. नाव ऐकल्यावर बाबा थबकले नाहीत. वॉरन हेस्टिंग्जचं गाव म्हटल्यावर थबकले. त्याचा जन्म जवळच्याच चर्चिल गावी, १७३२ मध्ये. डेल्सफर्डची जहागीर त्याच्या घराण्याने त्याच्या जन्माआधीच विकलेली. सात वर्षांचा असताना ओढ्याकाठी पडून, ती परत मिळवीन असं आपण ठरवल्याचं तो पुढे सांगे. मिळवली, १७८८ मध्ये. त्यावरचा वाडा बांधायला तोच वास्तुविशारद कॉकरेल. याच वर्षी त्याच्यावरचा महाभियोग सुरू झाला, तो १७९५ ला निर्दोष सुटेपर्यंत चालला. आरोपांत काशीच्या चेतसिंगाला आणि अवधच्या बेगमांना पिळल्याचे आरोप मोठे. आणि कंपनीला तेव्हा एवढा पैसा कशाला हवा होता? लढायांसाठी, त्यांतली एक आपली. राघोबादादाला हाताशी धरून मुंबईकर इंग्रज पुण्यावर चालून आले, जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरण आले. तो तह हेस्टिंग्जने धुडकावला आणि बंगालहून निघालेली फौज गॉडर्डच्या हाताखाली पुढे रेटली. १७८२ मध्ये महादजींच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला तेव्हा कुठे थांबलं.

त्याची कबर चर्चच्या मागे उघड्यावर आहे. दगडी कलश, त्यावर नाव आणि साल, १८१८. बाबांनी आकडा दोनदा वाचला. पेशवाई बुडाली ते साल. त्या वेळचा गव्हर्नर जनरलही हेस्टिंग्जच होता, पण दुसरा, याचा नातलग नव्हे. शाळेत या दोघांत माझा कायम घोळ व्हायचा. तेव्हा हा आठ दशकं पार केलेला म्हातारा आपल्या बागेत होता. बाबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जागा बाकी छान निवडलीन," आणि आम्ही गाडीकडे गेलो. गावात आता सेंद्रिय भाजी आणि चीज विकणारं प्रचंड महाग दुकान आहे, पार्किंगमध्ये लंडनच्या गाड्या.

या गावांत आता राहतं कोण, हा बाबांचा पुढचा प्रश्न. निवृत्त लोक, शनिवार-रविवारी येणारे लंडनकर, आणि हॉटेलांत काम करणारी, पण स्वतः इथे घर घेऊ न शकणारी मुलं, जी लांबून बसने येतात. १९६६ पासून हा टापू संरक्षित आहे; नोंद झालेल्या जुन्या घराची खिडकी बदलायची तर परवानगी काढावी लागते. पूर्वी पैसा नाही म्हणून बदल झाला नाही, आता पैसा असूनही करता येत नाही. परिणाम डोळ्यांना सारखाच. मला हे नियम योग्यच वाटतात. तक्रार एवढीच, की घराबरोबर घरात राहणारा माणूस जपायचा नियम कुणी केला नाही. अपवाद म्हणजे हिक्सची ती बारा घरं.

या सगळ्यात बाबांना मनापासून भावलं ते मोर्टन-इन-मार्श, आणि तेही मंगळवारचं. रेडिंगहून थेट गाडी आहे. रुंद हमरस्ता, म्हणजे पुन्हा तोच फॉस वे, आणि त्यावर बाजार. कोबी, बटाटे, रोपं, फोनची कव्हरं, चपला, स्वस्तातले अंगरखे, कुत्र्याची बिस्किटं. कॅलेंडरवर येईल असं काहीही नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या जुन्या घंटेच्या मनोऱ्यावर १९०५ चा बाजारपट्टीचा दरफलक अजून लावलेला आहे. बाबांनी तो चष्मा पुसून ओळीन् ओळ वाचला.

एका ठेल्यावर लोकरीचे मोजे होते. विकणारी बाई स्वतः मेंढ्या पाळणारी. बाबांनी माझ्याकरवी विचारलं, लोकरीला भाव काय मिळतो? ती म्हणाली, मेंढी कातरायची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त पडते.

"मग कातरता कशाला?"

न कातरावं तर उन्हाळ्यात माश्या धरतात, अंगात अळ्या पडतात. म्हणजे आता लोकर काढतात ती मेंढीच्या तब्येतीसाठी, आणि मेंढी पाळतात ती मटणासाठी. कॉट्सवोल्ड लायनचं नाव तर दुर्मीळ जातींच्या यादीत गेलंय.

बाबांनी मोजा उलटा करून शिवण पाहिली, ताणून पाहिला, भाव कमी होईल का विचारलं. झाला नाही. तरी दोन जोड घेतले, आणि इचलकरंजीच्या उन्हाळ्यात ते कोण घालणार यावरून आईशी गाडी येईपर्यंत वाद घातला.